राहुरीचा माळ ओसाड नाही: कमी पावसात झाडं आणि प्राणी तगतात कसे?

एकाच जिल्ह्याची दोन टोकं बघा. अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर घाटघर आहे. तिथं वर्षाला ४ ते ५ हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आसपास पूर्वेला राहुरी आहे. इथला वर्षाचा सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या थोडा वर. जिल्हा एकच, अहिल्यानगर म्हणजे आधीचं अहमदनगर, पण पाऊस आठ-दहापट कमी.

कारण शाळेत शिकलेलंच आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच सांडतात. पलीकडं उतरतात तेव्हा त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून राहुरी, पाथर्डी, कर्जत, जामखेड हा सगळा पट्टा पर्जन्यछायेत येतो.

एप्रिल-मे महिन्यात या भागातल्या माळावर गेलं तर पिवळं पडलेलं गवत, मुरूम, चार बाभळी आणि मधूनच एखादी तरवडाची हिरवी झुडपं दिसतात. बघणारा म्हणतो, इथं काहीच नाही. खरं तर तिथं बरंच काही असतं. फक्त त्यातलं अर्धं जमिनीखाली असतं आणि उरलेलं उन्हात कमीत कमी हालचाल करत बसलेलं असतं.

ते तगून कसं राहतं आणि त्याच्याशी आपला काय संबंध, तेच समजून घेऊ.

कोरडा प्रदेश म्हणजे वाळवंट का?

नाही. वाळवंट हे कोरड्या प्रदेशाचं टोक झालं. शास्त्रज्ञ कोरडा प्रदेश ठरवताना नुसता पाऊस मोजत नाहीत. पाऊस किती पडतो आणि ऊन-वारा मिळून किती पाणी उडवून नेऊ शकतात, या दोन्हींचा हिशेब मांडतात. पडणाऱ्या पाण्यापेक्षा उडून जाऊ शकणारं पाणी बरंच जास्त असेल तर तो प्रदेश कोरडा.

या हिशेबानं पृथ्वीवरच्या जमिनीपैकी जवळपास ४० टक्के जमीन कोरड्या प्रदेशात मोडते. राहुरी त्यातल्या 'अर्धशुष्क' गटात येते. म्हणजे राजस्थानच्या थरपेक्षा बरी, पण कोकणाच्या जवळपासही नाही.

आणखी एक अडचण आहे. इथला पाऊस कमी तर आहेच, शिवाय बेभरवशाचा आहे. जूनमध्ये दोन सरी येतात आणि महिनाभर गायब होतात. मग सप्टेंबरात चार दिवसांत महिन्याचा कोटा पूर्ण होतो. त्यामुळे इथं जगणाऱ्याला कमी पाण्यात भागवावं लागतंच, पण पाणी नक्की कधी येईल हे माहीत नसतानाही जगावं लागतं.

यावर सजीवांनी काढलेले उपाय ढोबळमानानं तीन प्रकारचे आहेत. कोरडा काळ टाळायचा, पाणी साठवायचं आणि जपून वापरायचं, किंवा तहान सोसायची. हे कोणी ठरवून केलेलं नाही. ज्यांच्या अंगी हे गुण होते ते दुष्काळात वाचले आणि त्यांची पिल्लं, त्यांचं बी पुढं गेलं. हजारो पिढ्यांत ते गुण पक्के झाले.

पहिला उपाय: कोरडा काळ टाळायचा

माळावरचं कुसळी गवत सगळ्यांना माहीत आहे, कारण ते पँटला आणि मोज्यांना चिकटतं. वैताग येतो. पण त्या कुसळात काय युक्ती आहे ते बघण्यासारखं आहे.

कुसळाच्या टोकाला टोकदार बी असतं आणि मागे लांब शेपटी असते. ही शेपटी दमट हवेत उलगडते आणि कोरड्या हवेत पिळली जाते. दिवस-रात्रीच्या दमटपणातल्या फरकानं ती गोल फिरत राहते आणि गिरमिटासारखी बी जमिनीत रोवते. मग बी मातीखाली पुढच्या पावसाची वाट बघत बसतं. वरून उन्हाळा जातो, कधी वणवाही जातो. बी सुरक्षित.

गवताचा जुना ठोंबही पूर्ण मरत नाही. वरची पानं वाळतात, पण मुळं आणि बुडखा जिवंत राहतो. म्हणून पहिल्या वळवानंतर आठ-दहा दिवसांत माळ हिरवा दिसायला लागतो.

बेडकाचंही तसंच. दख्खनच्या पठारावरचे बीळ करून राहणारे बेडूक मागच्या पायांनी माती उकरत उलटे जमिनीत शिरतात. त्यांच्या मागच्या पायाला त्यासाठी फावड्यासारखा कडक उंचवटा असतो. जमिनीखाली ओल असते आणि ऊन पोचत नाही. शरीराचं कामकाज मंदावून ते महिनोन्‌महिने तिथं पडून राहतात. पहिल्या जोरदार पावसात बाहेर येतात आणि डबकं आटायच्या आत अंडी, डिंभ, बेडूक हा सगळा प्रवास उरकतात. पावसाळ्याच्या पहिल्या रात्री जो एकदम गलका ऐकू येतो, तो या घाईचा.

पिकांमध्ये हा मार्ग बाजरीचा. ७५ ते ९० दिवसांत ती पेरणीपासून कापणीपर्यंत पोचते. शिवाय तिचे सगळे फुटवे एकाच वेळी कणसावर येत नाहीत. पावसानं मध्येच दडी मारली आणि मुख्य ताट फसलं, तर मागून आलेले फुटवे पुढच्या सरीवर कणीस धरतात.

दुसरा उपाय: पाणी जपून वापरायचं

झाडाची खरी पंचाईत पानावरच्या बारीक छिद्रांपाशी आहे. अन्न तयार करायला कार्बन डायऑक्साइड हवा, तो या छिद्रांतून आत येतो. पण छिद्रं उघडली की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. बंद ठेवली तर उपाशी, उघडली तर तहानलेलं.

निवडुंगानं यावर सोपा उपाय काढला. तो छिद्रं रात्री उघडतो. रात्री हवा गार असते, पाणी कमी उडतं. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड तो आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारं बंद करून सूर्यप्रकाशात त्याचं अन्न बनवतो.

इथं एक गंमत आहे. फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला, भारतात बाहेरून आलेला. बांधावर दिसणारा थोर मात्र इथलाच. दोघांनाही काटे, दोघांचीही खोडं मांसल, दोघंही पाणी साठवणारे. पण त्यांचं एकमेकांशी जवळचं नातं नाही. जगाच्या दोन टोकांना सारखीच अडचण आली आणि उत्तरही सारखंच निघालं. ओळखायची खूण सोपी आहे. थोराला जखम झाली की पांढरा चीक येतो, निवडुंगाला येत नाही. हा चीक डोळ्यांना घातक असतो, त्यामुळे खात्री करायला तोडून बघू नका.

बाकीच्या झाडांचे मार्ग वेगवेगळे. बाभळीची पानं म्हणजे बारीक बारीक पर्णिका, त्यामुळे ऊन झेलणारा एकेक तुकडा लहान आणि लवकर तापत नाही. मुळं खोल जातात आणि काटे जनावरांना लांब ठेवतात. रुईच्या पानावर मेणाचा पांढुरका थर असतो आणि आत चीक. नगर-सोलापूरच्या माळावर दिसणाऱ्या नेपतीनं तर पानांचा नादच सोडला. वर्षातला बराच काळ ती बिनपानाची असते आणि हिरव्या फांद्यांमधूनच अन्न तयार करते. बोर मुळाशी छाटली तरी पुन्हा फुटते.

ज्वारी: शेतकऱ्यानं घडवलेली

या सगळ्यात राहुरीचा स्वतःचा वाटा आहे तो ज्वारीत. १९६८ साली स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ इथंच आहे, आणि कोरडवाहू पिकं हा त्याच्या कामाचा मोठा भाग आहे.

रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. म्हणजे पाऊस संपत आला की हे पीक सुरू होतं. पुढचे चार महिने ते मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलीवर जगतं. जगात फार कमी धान्यपिकं असं करू शकतात.

ज्वारी हे कसं जमवते? तिच्या पानाच्या आत कार्बन डायऑक्साइड गोळा करून एकवटण्याची खास व्यवस्था असते. त्यामुळे छिद्रं थोडीच उघडली तरी तिचं भागतं. गहू आणि भाताकडं ही सोय नाही. ताटावर हात फिरवला की पांढरी भुकटी लागते, ते मेण आहे, पाणी अडवणारं. ताण वाढला की पानं सुरळीसारखी गुंडाळली जातात, म्हणजे उन्हाला तोंड देणारी जागा कमी होते. आणि फुलोऱ्याआधी फारच ताण पडला तर ज्वारी वाढ थांबवून वाट बघते. पाणी मिळालं की पुन्हा सुरू.

कोणी म्हणेल, मग हीच व्यवस्था उसातही असते, तो का एवढं पाणी पितो? कारण ऊस शेतात वर्षभर किंवा त्याहून जास्त उभा असतो आणि कडक उन्हाळाही काढतो. व्यवस्था चांगली असली तरी मुक्काम लांबला की बिल वाढतंच.

ज्वारीत निसर्गाइतकाच माणसाचाही हात आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी दुष्काळात टिकलेल्या कणसांचं बी बाजूला काढत आले. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला १९३० च्या दशकात अशाच स्थानिक मालदांडीतून निवडून 'एम ३५-१' हे वाण काढलं गेलं. ते आजही लोकांच्या जिभेवर आहे. राहुरीच्या विद्यापीठानं पुढं जमिनीच्या खोलीप्रमाणे वाणं दिली: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा. कारण उथळ मुरमाड जमिनीत ओल लवकर संपते आणि खोल काळ्या जमिनीत ती उशिरापर्यंत टिकते. एकाच तालुक्यातल्या दोन शेतांना दोन वेगळ्या ज्वाऱ्या लागतात त्या यामुळे.

याच ज्वारीची एक धोक्याची बाजूही आहे. कोवळ्या ज्वारीत असा एक पदार्थ असतो ज्यातून जनावराच्या पोटात विषारी सायनाइड तयार होतं. झाडाच्या दृष्टीनं तो बचाव आहे: वाढायच्या आत कोणी खाऊ नये. पाण्याचा ताण पडून पीक खुरटलं की हे प्रमाण वाढतं. नेमकं दुष्काळात चारा नसतो तेव्हाच शेतकरी असं खुरटलेलं पीक जनावरांना सोडायचा विचार करतो. म्हणून फुलोऱ्याआधीची, त्यातही पाण्याविना अडकलेली हिरवी ज्वारी चारू नये असं पशुवैद्य सांगतात. पक्व ज्वारीच्या वाळलेल्या कडब्यात हा धोका राहत नाही.

तिसरा उपाय: तहान सोसायची

झाडाला जागा सोडता येत नाही. प्राण्याला येते, पण सावलीच नसेल तर जाणार कुठं?

चिंकारा पाणी न पिता बरेच दिवस काढू शकतो. पाला, शेंगा आणि पहाटेचं दव यातून त्याची गरज भागते. काळवीट सकाळ-संध्याकाळ चरतो आणि भर दुपारी बसून राहतो. दुपारी धावाधाव केली की अंग तापतं, आणि तापलेलं अंग गार करायला पाणी खर्च होतं. त्यामुळे न हलणं हाही पाणी वाचवायचा मार्गच आहे.

टिटवी आणि पखुर्डी हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. अंड्यांवरचे ठिपके मुरमात इतके मिसळतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. पखुर्डीचा नर त्याच्याही पुढं जातो. त्याची पोटावरची पिसं स्पंजासारखी पाणी धरून ठेवतात. तो पाणवठ्यावर पोट भिजवतो, उडत पिल्लांपाशी येतो आणि पिल्लं त्याच्या पिसांतून पाणी पितात.

टिटवीनं अंडी कुठं घातली यावरून पावसाचा अंदाज सांगणारे मेसेज दर मे महिन्यात फिरतात. अंड्यांवरून पाऊस सांगता येतो याचा पुरावा नाही. पण ४० अंशांच्या उन्हात ती अंडी कशी वाचवते, ते मात्र मेसेजमध्ये सांगण्यासारखं आहे.

पाळीव जनावरंही यात मागं नाहीत. संगमनेरी शेळी काटेरी झुडपांतून नेमका पाला खुडते आणि गाईला नको असलेल्या खुरट्या झुडपांवरही गुजराण करते. शेळीच्या कोरड्या लेंड्या आठवा. शरीर शेवटच्या टप्प्यातही पाणी परत ओढून घेतं, म्हणून त्या तशा असतात.

दख्खनी मेंढीची आणखी वेगळी गोष्ट. ती लांबवर चालते, निकृष्ट चाऱ्यावर जगते, पण सततची ओल तिला चालत नाही, खुरं सडतात. म्हणून धनगर पावसाळ्यात कळप पठारावर ठेवतात आणि दिवाळीनंतर चारा संपू लागला की बाहेर पडतात. काही कळप घाट उतरून कोकणातही जातात. पावसाच्या मागेपुढे चालत राहणं हीसुद्धा कोरड्या मुलखात टिकायची रीत आहे, माणसानं शोधलेली.

आता अकोल्याच्या डांगी गाईशी तुलना करा. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे धो धो पावसात ती उभी राहते. खुरं कडक, भाताच्या चिखलात टिकणारी. एकाच जिल्ह्यातली ही दोन जनावरं. डांगी गाईला मुरमाड माळावर सोडलं आणि दख्खनी मेंढीला जुलैत घाटघरला नेलं, तर दोघींचेही हाल होतील. यात कोणी श्रेष्ठ नाही. ज्या जागेसाठी ती घडली तिथंच तिची ताकद आहे.

मग जागाच बदलली तर?

राहुरीत नेमकं हेच झालं. तालुक्यात बारागाव नांदूरला मुळा धरण झालं. २६ टीएमसी क्षमतेच्या या धरणानं आणि त्याच्या कालव्यांनी कोरडवाहू शिवारात ऊस आणला. लोकांच्या हातात पैसा आला, दुष्काळाची धास्ती कमी झाली. हा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण माळावरच्या जिवांसाठी हिशेब वेगळा निघाला. उसानं बिबट्याला लपायला वर्षभर दाट जागा दिली. कुत्री, शेळ्या, डुकरं हे खाद्यही आसपासच. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, माणसांनी गजबजलेल्या शेतीच्या भागात दर १०० चौरस किलोमीटरला साधारण ५ बिबटे असल्याचा अंदाज त्यात निघाला. बिबट्या कशालाही जुळवून घेणारा प्राणी आहे, त्यामुळे तो बदललेल्या जागेतही टिकला. त्याची किंमत रात्री पाणी धरायला जाणारा शेतकरी मोजतो.

ज्यांना उघडा माळच लागतो, त्यांचं असं होत नाही. माळढोक हा १०-१५ किलोंपर्यंत भरणारा पक्षी. तो जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो आणि धोका लांबून दिसावा म्हणून मोकळी जागा निवडतो. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. तरी आज महाराष्ट्रात माळढोक दिसला तर बातमी होते. काळवीट त्यापेक्षा बऱ्या स्थितीत आहे. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीत १९८० पासून त्याच्यासाठी अभयारण्य आहे, पण ते जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. कळप शेजारच्या शेतांत उतरतात, पिकं खातात आणि शेतकऱ्याचा राग ओढवून घेतात.

माळावर झाडं लावण्याआधी

माळ कागदोपत्री अनेकदा 'पडीक' म्हणून नोंदला जातो. एकदा पडीक म्हटलं की तिथं काहीही करायला मोकळीक मिळते. त्यात चांगल्या हेतूनं होणारं कामही येतं. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडं लावायची मोहीम होती. दर जूनमध्ये बियांचे मातीचे गोळे उघड्या माळावर फेकायचे व्हिडिओही फिरतात.

अडचण अशी की माळावरच्या गवताला भरपूर ऊन लागतं. दाट झाडी झाली की सावलीत गवत मरतं. गवत गेलं की मेंढ्यांचा चारा जातो, पखुर्डीची आणि टिटवीची अंडी घालायची जागा जाते, काळविटाचं कुरण जातं. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली मातीही सुटते. त्यात लावलेलं झाड बाहेरचं आणि पाणी पिणारं असेल तर तिसऱ्या वर्षी तेही वाळतं.

म्हणजे झाडं लावूच नयेत असं नाही. गावठाण, रस्त्याची कड, शेताचा बांध, ओढ्याचा काठ, उजाड झालेलं जुनं जंगल, अशा जागा भरपूर आहेत. तिथं बाभूळ, हिवर, बोर, कडुनिंब अशी इथं तगणारी झाडं लावता येतात. माळावर मात्र आधी विचारायला हवं: इथं पावसाळ्यात कोणतं गवत येतं? कोणाची मेंढरं चरतात? कोणते पक्षी अंडी घालतात? ही माहिती गावातल्या मेंढपाळाकडं हमखास मिळते.

आणि जमलं तर राहुरीच्या आसपासचा एखादा माळ वर्षातून दोनदा बघावा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी. मे महिन्यात चालताना फक्त पायाखाली लक्ष असू द्या. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली, तर अंडी चार पावलांवर आहेत असं समजा आणि आल्या वाटेनं मागं फिरा.